‘व्हय की’ची फाइल

आमची सून दवाखान्यात नोकरीला आहे, असं माझ्या सासूबाई चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. पंचाईत व्हायची ती पुढच्या प्रश्नाला. “डॉक्टर हाय व्हय?” “न्हाय.” “मग नर्स?” “न्हाय.” “मग करती काय?” सासूबाई जरा विचारात पडायच्या आणि म्हणायच्या, “बोलती.” त्यावर एका शेजारणीनं विचारलेलं मला अजून आठवतं, “आनि त्याचा पगार देत्यात?”

देत होते. कोल्हापुरात शाहूपुरीत एका स्पेअर पार्टच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आमचं केंद्र होतं. ज्या मुलांची वाढ मागे पडली आहे, जी वेळेवर मान धरत नाहीत, बसत नाहीत, चालत-बोलत नाहीत, अशी मुलं तिथं यायची. खाली दिवसभर लोखंडाची ठोकाठोक, वर मुलांचं रडणं, आणि मधल्या जिन्यावर चपलांचा ढीग. डॉक्टर तपासायचे, व्यायामाच्या ताई व्यायाम शिकवायच्या, आणि मी होते वैद्यकीय समाजसेविका. माझं काम म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं आईबापांना समजेल असं सांगायचं आणि आईबापांचं म्हणणं डॉक्टरांना. आता कुणीही म्हणेल, की दोन्हीकडची माणसं मराठीच बोलतात, मग मध्ये तुम्ही कशाला? मलाही पहिले दोन महिने असंच वाटत होतं.

आमचे डॉक्टर मोठे हुशार. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते हयात आहेत आणि दिवाळी अंक वाचतात (विकत घेत नाहीत, माझ्याकडून नेतात). त्यांना सगळं महिन्यांत लागायचं. “मान कितव्या महिन्यात धरली?” असं विचारून पेन उचलून बसायचे. समोरची बाई म्हणायची, “गुऱ्हाळ सुरू झालं नव्हं, तवा.” पेन तसंच हवेत. “बसायला कधी लागला?” “जोतिबाच्या यात्रेला बसत हुता की! ह्यांच्या मांडीवर बसूनच गेलता.” डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी बोटं मोजून सांगायची, “सहावा आणि अकरावा.” जिल्ह्यातल्या सगळ्या जत्रा, पेरण्या आणि तोडण्या मला त्यामुळे पाठ झाल्या. आमच्या घरात शेत नाही, पण उसाची तोड लांबली की मला अजून काळजी वाटते.

कळंब्याची एक आई होती. मुलगी साडेतीन वर्षांची. दर वेळी विचारावं, “काही फरक?” की ती तोंड पाडून म्हणायची, “कुटला फरक? काय न्हाय. हाय तसंच हाय.” डॉक्टर खिन्न होऊन लिहून घ्यायचे. एकदा ती असं सांगत असतानाच मुलगी तिच्या मांडीवरून घसरली, टेबल धरून धरून चार पावलं चालली आणि तिनं डॉक्टरांचा स्टेथोस्कोप ओढला. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. आईनं झडप घालून पोरीला पदराखाली घेतलं. “बगू नका असं! दिष्ट लागंल.” दोन महिने ती पोरगी चालत होती आणि आम्ही तिच्या औषधाचा विचार करत होतो. त्या दिवसापासून मी दृष्ट काढायला मीठ-मिरची कपाटात ठेवली. आधी उतरून टाकायचं, मग विचारायचं, “आता सांगा, काय काय करतीय?” भडाभडा सांगायच्या. डॉक्टर म्हणायचे, हे विज्ञानात बसत नाही. मी म्हणायची, फाइलीत बसतंय ना, मग झालं.

अशा दोन-चार गोष्टी जमल्या आणि मला वाटायला लागलं, की आपल्याला माणसं कळतात. शिवाय मी इथलीच, माझं माहेर कागलकडचं, मला काय शिकवायचं? नेमका तेव्हाच मिलिंद यायला लागला.

गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका खेड्यातून, पहाटेच्या पहिल्या एसटीनं, दर महिन्याला, न चुकता. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला असलेला तिशीतला शांत माणूस. बरोबर मुलगा सुजित, अडीच वर्षांचा. जन्मला तेव्हा उशिरा रडला, आणि मग पाय ताठ राहिले. उभं धरलं की दोन्ही पायांची कात्री व्हायची. डोळे मात्र असे तरतरीत, की जिन्यावरून येणाऱ्या प्रत्येकाची दखल घ्यायचा.

अशा मुलाचं दुखणं थोडक्यात सांगते. त्याच्या मांड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात. रोज हळूहळू ताणून त्या मोकळ्या कराव्या लागतात. तसं केलं नाही आणि मूल सतत पाय जुळवून, गाठोड्यासारखं उचललं, तर हळूहळू मांडीचं हाड खुब्यातून सरकायला लागतं. म्हणून त्याला कडेवर घ्यायचं ते पाय फाकवून, एक पाय पोटाशी आणि एक पाठीशी, आणि एक हात त्याच्या पाठीला. गावातल्या बायका धडधाकट पोर असंच घेतात. पण आजारी पोर म्हटलं की सगळे त्याला दुपट्यात घट्ट बांधून, दोन हातांवर आडवं घेतात. मायेपोटीच घेतात, आणि नुकसान तिथंच होतं.

मिलिंदसारखा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही. वहीत लिहून घ्यायचा, आकृत्या काढायचा. ताईंनी एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा तो स्वतः करून दाखवायचा. मांडी कुठं धरायची, गुडघा कुठं दाबायचा नाही, सगळं. बाकीच्या बायांना ताई म्हणायच्या, “ह्यांच्याकडं बघा जरा.” निघताना मी विचारायची, “घरी रोज करता ना?” तो मान हलवून म्हणायचा, “व्हय की, मॅडम.” मी फाइलीत लिहायची, ‘घरी व्यायाम नियमित.’ असं अठरा महिने. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे ते वाचायलाही फार छान वाटायचं.

पाय मात्र सुटत नव्हते. उलट ताठत चालले होते. ताई कोड्यात पडल्या. डॉक्टरांनी एक दिवस मला फाइल घेऊन बोलावलं. आमच्या जागा मोजक्या आणि वाट बघणारी मुलं पुष्कळ. ज्यांना दीड वर्षात गुण नाही, त्यांची जागा दुसऱ्याला द्यायची, असा नियम होता.

“बाई, दीड वर्ष रोज व्यायाम करूनही हा असा,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे मेंदूची इजाच जास्त आहे. आता बापाला दर महिन्याला इथपर्यंत पळवण्यात अर्थ नाही.”

“रोज करतात हे नक्की का?” मी विचारलं.

“तुमच्याच नोंदी आहेत.” त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली.

अठरा वेळा ‘नियमित’. त्या पोराला काढून टाकायचा पुरावा मीच तयार केला होता. मी म्हटलं, मला एक महिना द्या, घरी जाऊन बघते. डॉक्टर म्हणाले, “जा. तेवढीच सहल होईल. येताना संकेश्वरी मिरची आणा.” आणि त्यांनी फाइलीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवलं, ‘बंद’.

रविवारी गेले. एसटीतून उतरून गावातल्या पहिल्याच माणसाला मिलिंद कांबळ्यांचं घर विचारलं, तर तो म्हणाला, “गुरुजींचं? असं सरळ जावा, पावणं. पर हळू बोला, पेपर वाचत असत्यात.” मिलिंदचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, हे मला तेव्हा कळलं. अठरा महिन्यांत मी विचारलंच नव्हतं.

सोप्यात खुर्चीवर गुरुजी बसले होते. अंगावर कडक इस्त्री, भिंतीवर बुद्धाची तसबीर, हातात पेपर, आणि खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. धर्मांतर झालं तेव्हा नुकते मास्तरकीला लागलेले, म्हणजे दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. अर्धं गाव अजून त्यांच्यासमोरून जाताना विडी विझवायचं. मला बघून मिलिंदचा चेहरा उतरला. सुजित आतल्या दाराशी वाकळेवर होता, दुपट्यात घट्ट, पाय जुळलेले.

मी नमस्कार केला, चहा घेतला, आणि मोठ्या उत्साहानं म्हटलं, “मिलिंदराव, दाखवा बघू, रोज कसं करता ते.”

मिलिंद जागचा हलला नाही. खाली बघत राहिला. मला वाटलं लाजला. म्हणून मी शहाणीनं पुन्हा म्हटलं, “घ्या की कडेवर. आम्ही शिकवलंय तसं.” गुरुजींनी पेपर खाली घेतला. “काय दाखवायचंय?” मिलिंद पुटपुटला, “म्हशीला पानी दावून येतो,” आणि गेला. सकाळी अकरा वाजता, तीही नुकतीच पाणी पिऊन आलेली म्हैस.

मी आत रेखाकडे गेले. ती मिलिंदची बायको, सुजितची आई. दीड वर्षात मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. चुलीपाशी बसून तिनं हळू आवाजात सांगितलं, “मामंजींच्या म्होरं ते पोराला कसं घेतील, बाई?”

मी पाट ओढून तिच्याजवळ बसले. मला माहीत होतं हे! घरात थोरली माणसं असताना बापानं आपलं पोर उचलायचं नाही, लाड करायचे नाहीत, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्या वडिलांनी मला आजोबांसमोर कधी मांडीवर घेतलं नव्हतं. भावाचं पोर घ्यावं, शेजाऱ्याचं घ्यावं, आपलं मात्र नाही, ते निलाजरेपणाचं. आणि गुरुजी तर दिवसभर सोप्यातच. मिलिंद सगळे व्यायाम शिकून घरी यायचा आणि उंबऱ्याच्या आत आला की ते त्याला करता येत नव्हते.

“मग तुला तरी सांगायचं त्यांनी,” मी म्हटलं.

“सांगितलंतं की एकदा. मी केलंबी. पोरगं लई रडलं. मामंजी भाईरनं वरडले, ‘पोराला का रडिवताय? आधीच आजारी हाय ते.’ मग कोन करतंय परत?”

“अगं, मग मला दर महिन्याला ‘व्हय की’ का म्हणत होते?”

रेखाला माझ्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटलं. “तुमी एवढं जीव तोडून शिकिवताय. तुमच्या तोंडावर न्हाय कसं म्हनायचं?”

मला खरोखर लाज वाटली. ‘घरी करता ना?’ असं विचारल्यावर भला माणूस दुसरं काय म्हणणार? आणि जो आणतो त्यालाच शिकवायचं, एवढंच आम्हाला माहीत. घरी पोराला उचलतं कोण, रडलं की कुणाचा जीव वरखाली होतो, घरात शब्द कुणाचा चालतो, ह्यातलं काहीच आम्ही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दुसऱ्या महिन्यातच कळलं असतं.

मी परत सोप्यात आले आणि गुरुजींच्या समोर बसले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून पिशवीतून आमच्या केंद्राचं व्यायामाचं पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. ते पत्रक मी लिहिलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. गुरुजींनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “‘बालकाच्या उभय ऊरुसंधींचे दिवसातून त्रिवार बाह्य दिशेने प्रसारण करावे.’” थांबले. “हे कुनी लिहिलंय?”

डॉक्टरांवर ढकलावं असा मोह झाला. पण मास्तरांसमोर खोटं बोलायचा धीर होत नाही. “मी,” म्हटलं.

“प्रसारण रेडिओचं असतंय, बाई.” त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि ती ओळ सरळ रेघेनं खोडली. वर लिहिलं, ‘दिवसातून तीनदा पोराच्या मांड्या हळूहळू फाकवा.’ मग पुढची ओळ. एकेका वाक्याला मला विचारायचे, “म्हंजे काय करायचं? करून दावा.” मी उशी घेऊन दाखवायची, ते लिहायचे. तासाभरात अख्खं पत्रक लाल झालं. शेवटी त्यांनी खाली मार्कही घातले. दहापैकी चार. “अक्षराचे दोन हायत त्यात,” म्हणाले.

शेवटची ओळ राहिली होती. ‘बालकाने रुदन केल्यास व्यायाम खंडित करू नये.’ ती गुरुजींनी दोनदा वाचली. मी म्हटलं, “म्हणजे रडलं तरी थांबायचं नाही, गुरुजी. थोडं दुखतंच. पण थांबलं तर पाय कायमचे ताठतात.”

त्यांनी ती ओळ खोडली नाही. पेन टोपणात घातलं. म्हणाले, “म्हंजे मीच थांबिवलं.”

“तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.”

“कोन सांगनार? माझ्याम्होरं कोन बोलतंय ह्या घरात?” हे ते रागानं म्हणाले नाहीत. आपल्याच वर्गातल्या मुलाची चूक सांगावी तसं म्हणाले. मी तशीच निघाले. मिरची आणायची राहूनच गेली.

सुजितचं पुढं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे वाचकाला चुटपुट नको. त्याच्या फाइलीवरचं ‘बंद’ डॉक्टरांनी पुढच्याच महिन्यात खोडलं. तो चालला नाही. पण आधाराविना बसायला लागला, शाळेत गेला, चाकाच्या खुर्चीतून बारावी झाला आणि आता गडहिंग्लजला झेरॉक्सचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाच्या अर्जातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून देतो, न विचारता. दोन हजार सालानंतर आमच्या केंद्रात नवे फॉर्म आले, संगणक आला, पण पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न मी त्याआधीच हट्टानं बदलून घेतला होता, तो तसाच राहिला: ‘घरी बाळाला कोण उचलतं?’ दुसरा: ‘बाळ रडलं की कोण रागावतं?’ डॉक्टर म्हणाले, हे वैद्यकीय प्रश्न नाहीत. मी म्हटलं, बरं. पण वर्षभरानं सांगलीच्या कुठल्याशा सभेत ‘आमच्या केंद्राची पद्धत’ म्हणून त्यांनी ह्याच दोन प्रश्नांवर भाषण केलं, आणि टाळ्याही घेतल्या. मी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात वाजवल्या. ‘नियमित’ हा शब्द मात्र मी नंतर कुठल्याच फाइलीत लिहिला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या पुढच्या महिन्यात पहिल्या एसटीनं चौघं आले. गुरुजी पुढं, मागं मिलिंद, त्याच्यामागं रेखा सुजितला घेऊन. जिन्यावर गुरुजींनी आपल्या चपला भिंतीला समांतर लावल्या आणि बाकीच्यांच्याही सरळ केल्या. डॉक्टरांनी सुजितला तपासलं, एक्सरे काढून आणायला लावला, तो खिडकीच्या उजेडात धरला. उजवा खुबा अर्धा सरकला होता.

गुरुजी उभेच होते. त्यांनी विचारलं, “डॉक्टरसाहेब, दीड वर्षामागं मला हे सांगितलं असतं, तर?”

अशा प्रश्नावर डॉक्टरांचं एक ठरलेलं उत्तर असायचं, प्रत्येक मूल वेगळं असतं वगैरे. ते उत्तर त्यांच्या ओठापर्यंत आलेलं मी पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक्सरे खाली ठेवला आणि म्हणाले, “चाललाच असता असं मी म्हणणार नाही. पण खुबा एवढा सरकला नसता. आम्ही तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“आनि मी पोराला विचाराय पायजे हुतं,” गुरुजी म्हणाले. “दर महिन्याला कोल्हापूरला जातोस, तिथं करतोस काय म्हनून. एकदाबी विचारलं न्हाय.”

खाली लोखंडाची ठोकाठोक चालू होती. गुरुजी मिलिंदकडे वळले.

“मिलिंद. घे त्याला.”

मिलिंदनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिशीचा बाप्या, पण वर्गात उभं केलेल्या पोरासारखा उभा होता.

“घे की. माझ्याम्होरंच घे. तुझंच हाय ते.”

मिलिंद पुढे झाला. रेखाच्या हातातून त्यानं सुजितला घेतलं, दुपट्याची गाठ सोडली, दुपटं टेबलावर टाकलं. मांडीच्या आतून हात घालून त्यानं पाय हळूच मोकळे केले, घाई न करता, गुडघ्यावर जोर न देता, एक पाय पोटाशी, एक पाठीशी, आणि पोराला कडेवर घेऊन डावा हात बरोबर त्याच्या पाठीला लावला. सुजित जरा कुरकुरला. मिलिंद थांबला नाही. व्यायामाच्या ताई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना.

रेखा डोळे विस्फारून बघत होती. ती माझ्याजवळ सरकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “बाई, ह्यास्नी हे येतंय व्हय?”

“येतंय,” मी म्हटलं. “दीड वर्षापासनं येतंय.”